जानू सारंगाची जीभ

जानूकाका पाणी चाखत. चाखत म्हणजे पीत नव्हे. विहिरीचं, ओढ्याव्हाळाचं, भातगिरणीच्या इंजिनाचं, मालवणहून येणाऱ्या मोटारीच्या रेडिएटरमधलं, कुठलंही पाणी दिसलं की ते करंगळी बुडवायचे, जिभेच्या टोकाला लावायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "गोडा." किंवा "खारा." किंवा, फारच विचारात पडले तर, "गोडा, पन दोन दिसांपुरता." कुणी शंका काढली की ठरलेलं उत्तर येई, "जीभ खोटा सांगना नाय." एवढं बोलून ते बाजूला थुंकत आणि चालू लागत. आमच्या घरच्या पूजेत त्यांनी एकदा तीर्थ घेऊन "गोडा" असं जाहीर केलं होतं, तेव्हा भटजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आमची वाडी मसुऱ्याच्या खाडीकाठी. मी तिथल्या शाळेत मास्तर, आणि जानूकाकांचं घर माझ्या घरापासून तीन घरं सोडून. तीसेक वर्षं आगबोटीच्या इंजिनखात्यात काढून, शेवटी सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम होऊन ते गावी परतले होते. बोटीच्या बॉयलरात समुद्राचं पाणी झिरपलं तर आत क्षाराचं किटण धरतं आणि नळ्या जळतात, म्हणून ते पाणी रोज तपासावं लागे. साहेबाकडे त्यासाठी काचेच्या नळ्या होत्या. जानूकाकांकडे जीभ होती. त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा, तर साहेब नळ्या बघून झाल्या की हळूच यांच्याकडे बघत असे.

त्यांची जीभ एवढी तिखट राहण्याचं आणखी एक कारण होतं. बोटीवरून उतरताना डॉक्टरने त्यांचं मीठ कायमचं बंद केलं होतं. पेज अळणी, भाजी अळणी, सुकटीला तर हातही लावायचा नाही. तेवढं आम्ही समजून घेतलं असतं. पण बायको गेल्यापासून हा माणूस माशाच्या सारात सोलही घालत नसे. मालवणात जन्माला यायचं आणि बांगड्याचं सार कोकमाच्या सोलाशिवाय खायचं! वाडीत यावर बरीच चर्चा झाली. विचारलं तर म्हणत, "माका चलता." मीठ डॉक्टरने काढलं, आंबट कुणी काढलं, याचा पत्ता कुणालाच नव्हता. माणूस एकटा राहिला की असा थोडा हलतो, असं ठरवून आम्ही तो विषय मिटवला.

ही गोष्ट एकोणीसशे साठच्या आसपासची. आमच्या शेतकरी मंडळीने एक ट्रॅक्टर आणला होता. शिरोड्याच्या एका मिठागरवाल्याकडून, वापरलेला, अंगाने लहान आणि वयाने बराच मोठा. आमचे कुणगे, म्हणजे भाताची लहान खाचरं, एवढीशी. त्यांत मोठं यंत्र वळलंही नसतं. पावसाळ्याचं भात निघालं की व्हाळाला मातीदगडाचा बांध घालून पाणी अडवायचं आणि त्या पाण्यावर वायंगण, म्हणजे दुसरं भात, करायचं अशी आमच्याकडची रीत. बांधाचं पाणी असतं तोवर नांगरट झाली तर झाली.

आणि इथंच आमच्या वाडीचं दुखणं होतं. निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला. घरी बायका. बैल भाड्याने मागायचे, तर बैलवाला आधी स्वतःचं नांगरणार, मग भावाचं, मग गावकाराचं, म्हणजे गावच्या मानकऱ्याचं, आणि उरल्या दिवसांत या बायकांचं. तोवर व्हाळ आटलेला असे. जानूकाकांच्या शेजारच्या सुंदराचा कुणगा मागची दोन वर्षं असाच कोरडा पडला होता. तिचा नवरा गिरणीत, पदरात दोन पोरं आणि सासू.

ट्रॅक्टर यायच्या आधी देवळात सभा झाली. सभेत कधी तोंड न उघडणारे जानूकाका त्या दिवशी उभे राहिले. म्हणाले, "ज्या घराक बापयो नाय, त्या घराक पयली पाळी." आणि खाली बसले.

गावकार गोरेमोरे झाले. पहिला नांगर गावकाराच्या शेतात, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा मान. सभा फिसकटणार असं दिसलं. मी मंडळीचा चिटणीस, वर मास्तर, म्हणजे तोडगा काढणं माझ्याकडे आलं. मी ठराव लिहिला, की पहिली पाळी पुरुष नसलेल्या घरांना, मात्र ट्रॅक्टरला हार घालण्याचा आणि पाणी देण्याचा मान गावकारांचा. ट्रॅक्टरच्या पोटात गावकारांच्या बावीखेरीज, म्हणजे विहिरीखेरीज, दुसरं पाणी जाणार नाही. दोन्ही बाजू खूश. मी माझ्या हुशारीवर आठवडाभर खूश होतो.

ट्रॅक्टर आला, नारळ फुटला आणि पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात त्याने वाफ सोडली.

चालवायला लवू होता. चाळिशीचा गडी, आधी आंबोलीच्या घाटात लॉरी चालवणारा. त्याचं शास्त्र सोपं होतं. "घाटात गाडी उकाळली काय पाणी ओतूचा आनी विडी ओढूची." त्याने पाणी ओतलं, विडी ओढली, पुन्हा अर्धा तास चालवला, पुन्हा वाफ. दुसऱ्या दिवशी त्याने तापल्या टाकीचं झाकण उघडलं आणि मनगट भाजून घेतलं. तिसऱ्या दिवशी गावकार म्हणाले, दिष्ट लागली. त्यांनी हाराच्या जोडीला पुढच्या जाळीवर एक गोणपाट बांधलं, शेजारच्या वाडीच्या नजरेला आतलं काही दिसू नये म्हणून. त्या दिवशी वाफ पाव तासातच आली.

पुन्हा सभा. ठरलं असं, की येत्या शनिवारी ट्रॅक्टर सकाळपासून संध्याकाळपर्यंत न उकळता चालला तर ठेवायचा, नाहीतर रविवारी शिरोड्याला परत धाडायचा. मिठागरवाला परत घ्यायला तयार होता. म्हणजे पुन्हा बैल, पुन्हा तीच रांग. सुंदरा देवळाच्या पायरीशी उभी राहून ऐकत होती. सभा उठायच्या आधीच ती घरी गेली.

बुधवारी मी जानूकाकांकडे गेलो. ते ओटीवर बसले होते. म्हटलं, "काका, तुमी बघशात काय?"

"चार दीस वाट बघतंय," ते म्हणाले, "कोण इचारता काय म्हणान."

अंगात बोटीवरचा पितळी बटणांचा कोट चढवून ते आले. कशालाही हात लावला नाही. लवूला इंजिन चालू करायला सांगितलं आणि जाळीपुढे तळहात धरून उभे राहिले. मग हार काढला, गोणपाट सोडलं. "तुमचा कोणी असा तोंड बांधल्यान, तर तुमी नांगर धरशात?" गावकारांनी मान फिरवली. गोणपाटामागे जाळी पेंढ्याच्या कुसांनी आणि कोंड्याने गच्च भरली होती. लवू पुढून पाणी मारायला निघाला, तसा काकांनी त्याचा हात धरला. "रे लवू, घाण पुढसून आत गेली. मागसून मार, म्हणजे इली तशी जायत." पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघितला. फार सैल होता, तो ताणून घेतला.

या वेळी ट्रॅक्टर तासभर चालला आणि मग उकळला. लोक हळहळले. जानूकाका मात्र समाधानाने खाली बसले. "आता खरो रोग बोलता," म्हणाले. इंजिन निवेपर्यंत त्यांनी कुणाला झाकणाला हात लावू दिला नाही. लवूने भाजलं मनगट चोळत चारदा विचारलं, "आता?" चारदा उत्तर मिळालं, "नाय." निवल्यावर फडकं धरून स्वतः झाकण काढलं, करंगळी बुडवली, जिभेला लावली, डोळे मिटले.

"खारा," ते म्हणाले. "आनी दोन तरांचा खारा. एक शिरोड्याचा, जुना. एक हयचा, ताजा."

मग ते वाडीतल्या विहिरी चाखत निघाले. मागून आम्ही सगळे. सुंदराची बाव गोडी, माझी गोडी, देवळाची गोडी. सातवी गावकारांची. त्यांनी करंगळी एकदा लावली, पुन्हा लावली, आणि गावकारांकडे बघितलं.

"माज्या बावीचा पाणी गावात सगळ्यांत गोडा," गावकार म्हणाले. "माजो आजो सांगा."

"गावकारानू, मान तुमचो मोठो, पन बाव खाडीक लागान आसा. उधाणाक खाडी आत येता. तुमका सवय झाली, म्हणान लागना नाय."

गावकार घरात गेले ते दोन दिवस बाहेर आले नाहीत. ते पाणी माझ्याच ठरावाने आत गेलं होतं.

पाणी तापलं की आपोआप उघडते अशी एक झडप इंजिनात असते. काकांनी ती काढली, सुंदराच्या चुलीवर टोपात पाणी उकळवून त्यात टाकली. ती मेली कशीबशी फटीएवढी उघडली. अंगावर पांढरं किटण. नळीच्या तोंडात नख फिरवलं तर नखाखाली तेच. मिठागराने वर्षानुवर्षं धरवलं होतं आणि आमच्या मानाच्या पाण्याने त्यावर थर चढवला होता. "बॉयलराचोच रोग," काका म्हणाले. "आंबट व्हया. पन बिनमिठाचा. मीठ पुन्हा आत गेला तर इतक्या करून काय उपयोग?"

चिंचेचा कोळ नळ्यांत अडकेल म्हणाले. लिंबं एवढी कुठून आणणार? सोलं मात्र घरोघरी होती. गुरुवारी सकाळी बायकांनी भरण्या, मडकी, डबे देवळापुढे आणून मांडले. जानूकाका एकेक सोल जिभेला लावत पुढे सरकत होते. खारा. खारा. खारा. आमच्याकडे सोलं वाळवताना मीठ लावतातच. न लावून कुणाला सांगता? शेवटचा डबा सुंदराचा होता. तो चाखून त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"मगे जाऊ दे शिरोड्याक," सुंदरा म्हणाली. आवाज अगदी साधा होता. तिने डबा उचलला.

काका बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत उभे होते. मग कोटाची बटणं लावत घरी गेले. मला वाटलं, हरले.

शुक्रवारी उजाडता ते एक चिनी मातीची भरणी छातीशी धरून आले. तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं. सोडलं तर आत सोलं, जुनी, पार काळी पडलेली. मी एक चाखलं. डोळ्यांत पाणी आलं, इतकं आंबट, आणि मिठाचा कणही नाही. "खंय गावली?" मी विचारलं.

"होती," ते म्हणाले.

सगळी भरणी त्यांनी कढत पाण्यात रिकामी केली. रिकामी करताना हात किंचित थांबला होता, तो मी बघितला, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. तो अर्क पंच्यातून दोनदा गाळून ट्रॅक्टरच्या पोटात ओतला आणि लवूला इंजिन हळू चालवायला सांगितलं. "ट्रॅक्टराक सोलकढी," लवू म्हणाला. काका हसले नाहीत. "जास्त येळ ठेवची नाय हां. किटण खाऊन झाला काय आंबट लोखंड खाता." दुपार कलल्यावर खालची तोटी सोडली. लालसर काळं पाणी आलं आणि त्यातून पांढरे पापुद्रे, ओंजळीने उचलावेत एवढे. मग डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी भरून तीनदा धुतलं. दर वेळी करंगळी, जीभ, मिटलेले डोळे. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "आता काय लागना नाय." झडप घासून पुन्हा बसवली.

शनिवारी ट्रॅक्टर सात वाजता सुंदराच्या कुणग्यात उतरला. दहाला आम्ही बघितलं, बाराला बघितलं, दोनला बघितलं. लवू विडी पेटवायला थांबला, ते फक्त सवय म्हणून. सुंदराचा कुणगा झाला, पलीकडचे दोन झाले, दिवस मावळता चौथा अर्धा झाला होता. वाफ आली नाही. गावकार दूर बांधावर येऊन उभे होते. संध्याकाळी तेच मला म्हणाले, "मास्तरानू, ठरावात पाणी बदला. झऱ्याचा घाला. मान माझोच ऱ्हवांदे, पाणी झऱ्याचा." त्यांच्या मनाचा मोठेपणा मला तेव्हा कळला.

रविवारी मी भरणी परत द्यायला गेलो. आपल्याकडून काही कमी राहू नये म्हणून ती राखेने घासून, उन्हात ठेवून लख्ख केली होती. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून आईने आत गुळाचा खडा टाकला होता. काकांनी गूळ काढून ताटलीत ठेवला. मग करंगळी भरणीच्या आतल्या अंगावरून सावकाश, तळापासून तोंडापर्यंत फिरवली आणि जिभेला लावली. डोळे मिटले. एरवी क्षणभर मिटत, त्या दिवशी उघडेनात.

"बरी धुतलात, मास्तरानू," शेवटी ते म्हणाले. "काय एक ऱ्हवाक नाय."

मी बाहेर पडलो तर दगडी गडग्यापलीकडून सुंदराने हाक मारली. मी भरणी घेऊन आत जाताना तिने बघितलं होतं. "ती भरणी काशीकाकीची," ती म्हणाली. "तेंका मीठ बंद झाला, तेवापासून काकी तेंची सोलां वायली, बिनमिठाची करी. तीन वर्सांमागे मे म्हयन्यात सोलां सुकवल्यान, भरल्यान, फडक्या बांधल्यान, आनी पावसाक लागता लागता गेली. काकांनी ता फडक्या सोडूकच नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुंदरा आणखीही काही सांगत होती. काका बोटीवर असताना काशीकाकीही दर साल बैलाची वाट बघे. पाणी उतरायला लागलं की कुदळ घेऊन एकटी कुणगा खणी.

संध्याकाळी मी परत गेलो. म्हटलं, "काका, माका खबर नव्हती."

"सोलां कित्याक आसतत, मास्तरानू? आंबट करूक." ते अंगणात बघत होते. "मी कायमचो घराक इलंय, तेवा तिचे हात बघलंय. तसले घट्टे बोटीर कोळसो मारणाऱ्यांचे. मी जल्मभर तेच बघलंय. ते माझ्या घराक कशे इले, ता माका तेवा कळला. ती असती तर तिनाच भरणी उघडल्यान असती. माकाच तीन वर्सां लागली."

अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं ओटीवर बसून होतो.

त्या साली सुंदराच्या दारात वायंगणाची उडवी, म्हणजे गंजी, रचलेली मी बघितली. लहानच होती, पण होती.

मे महिन्यात कोकमं पिकली. पहिली पाळी मिळालेल्या सात घरांतल्या बायकांनी ठरवून एकत्र सोलं केली, बिनमिठाची, काकांसाठी. सुंदराने सगळ्यांना बजावलं होतं. पाच-सहा दिवस अंगणात चटया पसरल्या होत्या, सोलं रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घातली जात होती, आणि सातही घरच्या बायका आल्यागेल्या त्यांना हात लावत होत्या. मग ती काशीकाकीच्या त्याच भरणीत भरून सुंदरा ओटीवर घेऊन आली. मी साक्षीला. सुंदराने फडकं सोडलं आणि एक सोल काकांच्या हातावर ठेवलं, एक माझ्या.

मी तोंडात टाकलं. मीठ होतं. फार नव्हे, पण होतं. सात घरच्या कुठल्या तरी हाताने जन्माच्या सवयीने चिमूट टाकली होती. रोज मीठ खाणाऱ्या माझ्या जिभेला ते लागलं होतं.

काकांनी सोल जिभेच्या टोकाला लावलं. डोळे मिटले. सुंदरा त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"मीठ नाय मा, काका?"

"नाय गो," ते म्हणाले. "काशी करी तशीच."

सुंदराने पदराने तोंड पुसलं. मी काही बोलणार, तेवढ्यात काकांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि मी गप्प बसलो. जीभ खोटं सांगत नाही, हे त्यांचं नेहमीचं वाक्य त्या दिवशी आलं नाही. त्यांनी ते सोल तोंडात टाकलं, सावकाश चघळून गिळलं आणि हात पुढे केला.

"आनी एक दी," ते म्हणाले.